टीनएज मालिकेत "मला एचआयव्ही आहे" हा सीन कसा लिहायचा

मी मालिकांचे डायलॉग लिहिते, गोरेगाव-मालाड पट्ट्यातच आयुष्य गेलं म्हणा, आणि हल्ली कॉलेजच्या पोरांवर वेब सिरीज लिहिणारे नवे लेखक अधूनमधून फोन करतात की ताई, एक एचआयव्हीचा ट्रॅक आलाय, हीरो हिरॉईनला सांगतो तो सीन कसा करू. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते, ज्याला लागेल त्याने वाचावं.

आधी माझी चूक सांगते कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चॅनेलसाठी मी असाच एक ट्रॅक लिहिला होता, त्यात हळदीकुंकवाला बायका जमलेल्या असताना नणंद कपाटातून सुनेचा एचआयव्हीचा रिपोर्ट काढते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. रेटिंग आलं, केक कापला, आम्ही पुढच्या ट्रॅकला लागलो. नंतर कधीतरी एका कॉलेजात लेखनाची कार्यशाळा घेत होते, सगळे गेल्यावर एक मुलगा थांबला, एस.वाय.चा असेल. म्हणाला, ताई तो एपिसोड आम्ही घरी बघत होतो, शेजारच्या काकू पण बसल्या होत्या म्हणून आईला टीव्ही बंद करता येईना, चॅनेल बदलता येईना, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात गेली. मग त्याने बॅगेतून ती बाटली काढून दाखवली. लेबल नखाने खरवडून काढलेलं, गोंदाचा चिकट पट्टा तेवढा राहिलेला, आणि आत गोळ्यांवर कापसाचा बोळा दाबून बसवलेला. मला कळेना कापूस कशाला, तर म्हणाला लोकल पकडायला धावलं की गोळ्या वाजतात ना, मग कोणीतरी विचारतं कसल्या गोळ्या.

तो कापसाचा बोळा लक्षात ठेवा. तुमचा सगळा ट्रॅक त्यात आहे. आपण लेखक समजतो की रिपोर्ट कळला हा ड्रामा, पण ज्याच्या घरी हे आहे त्याचा ड्रामा रोजचा असतो, कोणाला सांगू, कधी सांगू, सांगितलं तर तो पुढे कोणाला सांगेल. ही बातमी त्याच्या मालकीची आहे, ती त्याच्याच हातून जायला पाहिजे, एवढं एक पक्कं धरलं की अर्ध्याहून जास्त चुका आपोआप टळतात.

आता लिहायला बसायच्या आधी पात्राचं वय ठरवा, हे कंटाळवाणं वाटेल पण सगळ्यात आधी हेच. आपल्याकडे १८ च्या खालच्या मुलामुलींच्या लैंगिक संबंधांना पॉक्सो लागतो, दोघांची मर्जी असली तरी लागतो, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे अकरावी-बारावीचं जोडपं घेतलंत तर तुमच्या सीनमधला काउन्सेलर, टीचर, डॉक्टर सगळे वेगळ्याच पेचात सापडतात आणि एचआयव्ही बाजूला राहून कथा कोर्टात जाते. तो पेच तुम्हाला मुद्दाम लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण नकळत त्यात पडू नका. मी सरळ सांगते की पात्रं एस.वाय. टी.वाय.ची घ्या.

मग प्रश्न येतो की त्याला झालं कसं. इथे रायटर्स रूममध्ये सगळ्यांचे डोळे चमकतात आणि मला तेच आवडत नाही, कारण लगेच गोव्याची ट्रिप, दारू, एक रात्र, आणि मग शिक्षा. एचआयव्ही ही शिक्षा म्हणून लिहू नका, कोणासाठीच नाही. एक रस्ता असा आहे जो आपल्या पडद्यावर फारच कमी दिसतो आणि प्रत्यक्षात अशी मुलं आपल्या शहरात कॉलेजला जातायत, लोकलमध्ये लटकतायत, ती म्हणजे जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं. आईकडून आलेलं. लहान मुलांसाठीचा सरकारी उपचारांचा कार्यक्रम देशात २००६ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाला, मोठ्यांना फुकट एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या २००४ च्या एप्रिलपासून मिळायला लागलं होतं, पहिल्या आठ सेंटरांत आपलं जेजे होतं. त्या गोळ्यांवर जी लहान मुलं जगली, वाढली, ती आज विशीत आहेत, प्रेमात पडतायत. तुमचा हीरो असा घेतला तर तो "कुठे गेला होतास" या प्रश्नातून सुटतो. पण सावध, इथे दुसरा खड्डा आहे. "बिचाऱ्याची काय चूक" असं कोणाच्याही तोंडी घातलंत की ज्याला सेक्समधून किंवा सुईतून झालं त्याची चूक होती असं आपोआप बोललं जातं. म्हणून मी अशा कथेत सेंटरच्या रांगेत एखादा दुसरा मुलगा ठेवते, ज्याला बॉयफ्रेंडकडून झालंय, आणि दोघं एकमेकांशी क्रिकेटवर बोलतात. कोण कसा आला हे कोणी विचारत नाही, सेंटरच्या बाकड्यावर खरोखरच तसं असतं.

जन्मापासूनचा मुलगा घेतलात की एक फार मोठा सीन तुम्हाला फुकटात मिळतो आणि बहुतेक लेखक तो विसरतात. त्याने गर्लफ्रेंडला सांगायच्या आधी कधीतरी त्याला स्वतःला कोणीतरी सांगितलेलं असतं. लहानपणी घरी सांगतात की ही ताकदीची गोळी, रक्त वाढायची गोळी, छातीसाठीची गोळी. मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत काउन्सेलर आईला टप्प्याटप्प्याने तयार करतात, आधी तुझ्या रक्तात एक जंतू आहे आणि गोळी त्याला झोपवून ठेवते, मग थोडं मोठं झाल्यावर त्या जंतूचं नाव. आणि आई ते नाव घ्यायचं पुढे ढकलत राहते, कारण पुढचा प्रश्न तिला माहीत असतो, तुला कुठून आलं. हा सीन आधी लिहून काढा, एपिसोडमध्ये घ्या न घ्या. कारण वीस वर्षांचा मुलगा आपल्या मैत्रिणीला कसं सांगेल हे त्याला स्वतःला कसं कळलं त्यावर ठरतं. आईने नीट जवळ बसवून सांगितलं असेल तर तो एक प्रकारे बोलेल, आणि नववीत असताना गोळीचं नाव गुगल करून एकट्याने कळलं असेल तर वेगळ्याच प्रकारे, किंवा बोलणारच नाही.

आता सायन्स. हे पाठ करा, सीनमध्ये ओतू नका. रोज गोळी चालू असेल, बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी असते, टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र, तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली जातो की मशीनला सापडत नाही. आणि तो तसाच खाली टिकून राहिला तर सेक्समधून पार्टनरला लागण होत नाही. "कमी होते" नाही, होत नाही. पार्टनर टू म्हणून युरोपातला मोठा अभ्यास २०१९ ला लॅन्सेटमध्ये आला, सुमारे ७८० गे जोडपी, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह, कॉन्डोमशिवाय हजारो वेळा संबंध, आणि उपचारावर असलेल्या पार्टनरकडून झालेली लागण शून्य. स्त्री-पुरुष जोडप्यांबद्दलही त्याआधीच्या अभ्यासांत हेच दिसलं होतं. आपल्याकडे अजून लेखकांना हे माहीत नाही म्हणून सगळ्या सीनमध्ये "मी तुला हात लावू शकत नाही" टाइप त्याग चालतो. तो त्याग आता खोटा आहे. कॉन्डोम लागतो, पण इतर इन्फेक्शन आणि प्रेग्नन्सीसाठी लागतो आणि गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील किंवा चुकत असतील तर एचआयव्हीसाठीसुद्धा.

तुमच्या कथेत कॉन्डोम फाटला आणि मुलाचा व्हायरल लोड अजून खाली आलेला नाही अशी भानगड असेल तर मुलीकडे ७२ तास असतात, पीईपी म्हणजे लागण टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्या, जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं. हे घड्याळ खरं आहे आणि थ्रिल हवं असेल तर इथे आहे, रात्री अकरा वाजता दोन पोरं टॅक्सीत बसून सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला चाललीत, दोघांना एकमेकांचा राग आलाय आणि हातही सुटत नाहीये. आणि तिची टेस्ट दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली म्हणून ढोल वाजवू नका, विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये लगेच दिसत नाही, काउन्सेलर तिला पुन्हा बोलावणार.

परदेशी सिरीज बघून लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत लाइफ गोज ऑन नावाची एबीसीची मालिका होती, १९८९ ते १९९३, त्यात बेका नावाची शाळकरी मुलगी जेसी नावाच्या पॉझिटिव्ह मुलाच्या प्रेमात पडते. चॅड लोवने जेसी केला होता आणि १९९३ ला त्याला एमी मिळालं. त्या काळासाठी ती फार धीट गोष्ट होती, पॉझिटिव्ह मुलगा प्रेमाला लायक आहे असं घराघरात दाखवणं. पण लक्षात घ्या, आजच्यासारखा औषधांचा एकत्र उपचार १९९६ च्या सुमाराला आला, म्हणजे त्या मालिकेवर मरणाची सावली होती ती खरी होती. ती सावली आजच्या मुंबईतल्या मुलावर टाकलीत तर तुम्ही खोटं बोलताय. स्पेनच्या एलिटमध्ये २०१८ ला मारीना आली, श्रीमंत घरातली, एचआयव्हीसोबत शाळेत जाणारी, हसणारी, चुका करणारी मुलगी, मला ती फार आवडली कारण ती कोणाची दयेची वस्तू नाही. पण पहिल्याच सीझनचा सगळा डोलारा तिच्या खुनावर उभा आहे, एचआयव्हीने नाही मारलं तरी पॉझिटिव्ह मुलगी मेलीच. आपल्या कथेत तिला टी.वाय. पास होऊ द्या, एवढंच मागणं आहे.

आणि कोणी म्हणालं की मालिकेने काय फरक पडतो तर त्यांना शुगा सांगा. एमटीव्हीची ती टीनएज मालिका २००९ ला केनियात सुरू झाली, ल्युपिता न्योंगो त्यातच दिसली होती, पुढे नायजेरियात गेली. नायजेरियात अभिजीत बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो तरुणांना घेऊन तपासलं, काहींना शुगा दाखवली आणि काहींना दुसरी मालिका, तर काही महिन्यांनी शुगा बघितलेल्यांमध्ये एचआयव्ही टेस्ट करून घेणारे जवळपास दुप्पट निघाले. बॅनर्जी म्हणजे तेच नोबेलवाले, जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे मी प्रोड्युसरसमोर मुद्दाम सांगते, उपयोग होतो. आपल्या दूरदर्शनवर २००२ पासून जासूस विजय लागायची, आदिल हुसेन डिटेक्टिव्ह, आणि तो डिटेक्टिव्ह स्वतः पॉझिटिव्ह. म्हणजे जो पेशंट तोच हीरो, वीसेक वर्षांपूर्वी केलंय आपण हे. मग आज का नाही.

आता कायदा, कारण इथे सगळ्यात जास्त भंपक सीन लिहिले जातात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोर्टाचा आदेश सोडला तर कोणालाही स्वतःचं स्टेटस सांगायची जबरदस्ती करता येत नाही. म्हणजे प्रिन्सिपल, हॉस्टेलचा वॉर्डन, मुलीचा बाप, कोणीही "रिपोर्ट दाखव" म्हणाला तर तो चुकीचा आहे आणि तुमच्या एखाद्या पात्राने ते तोंडावर बोलायला पाहिजे. पॉझिटिव्ह माणसाने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून काळजी घ्यायची हेही कायद्यात आहे, आधी सांगणं हा त्यातला एक मार्ग आहे, धोका कमी करायचे उपाय हा दुसरा. डॉक्टर किंवा काउन्सेलर पार्टनरला सांगू शकतो, पण कधी, तर पार्टनरला खरंच मोठा धोका आहे असं वाटलं, पेशंटला समजावून झालं, तरी तो सांगणार नाही अशी खात्री झाली, आणि मी आता सांगणार आहे हे पेशंटला आधी कळवलं, तेव्हाच, आणि तेही समोर बसवून, समुपदेशन करून. आणि पॉझिटिव्ह बाई असेल आणि सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर डॉक्टरने तिच्या पार्टनरला सांगायचं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं पहिल्यांदा. माझ्या हळदीकुंकवाच्या सीनमधल्या त्या सुनेसाठीच जणू लिहिलेलं होतं. त्यामुळे डॉक्टर कॉरिडॉरमध्ये ओरडून सांगतो, नर्स फोन करून गर्लफ्रेंडला कळवते, हे सगळं कट करा, किंवा दाखवलंत तर कायदा मोडला म्हणून दाखवा. कोर्ट सीन असेल तर अजून एक, आपल्या मुंबई हायकोर्टात १९९७ ला एका कामगाराची केस झाली, पॉझिटिव्ह म्हणून नोकरी नाकारली होती, आणि ती त्याचं नाव न उघडता चालली, कागदावर तो फक्त एमएक्स. तेव्हा तुमच्या पात्राला कोर्टात जायला नाव जाहीर करायची गरज नाही.

बरं, आता सीन. जागा आधी. मुंबईत हे फार मोठं दुखणं आहे, इथे दोन माणसांना खासगी बोलायला जागाच नाही. घर दहा बाय बाराचं, आजी खाटेवर, भाऊ जमिनीवर मोबाईल बघतोय. कॅन्टीनमध्ये गँग. बेडरूममध्ये, कपडे अर्धे काढल्यावर सांगतो असं लिहू नका, ते सिनेमॅटिक वाटतं पण तिला तिथे नाही म्हणायला, उठून जायला, विचार करायला जागा उरत नाही. दारू प्यायलेले दोघं, तेही नको. व्हॉट्सॲपवर तर नकोच, स्क्रीनशॉट हा आपल्या काळातला हळदीकुंकू आहे. अशी जागा द्या जिथे माणसं आहेत पण ऐकू जात नाही, आणि तिला हवं तेव्हा उठून घरी जाता येतं. मी माटुंग्याचं फाइव्ह गार्डन घेते, तुम्ही वरळी सी फेस घ्या. आणि सांगणं हे शरीराने जवळ यायच्या आधी घडू द्या, भानगड झाल्यावर कबुलीजबाब म्हणून नको. तो गुन्हेगार नाहीये, तो तिच्यावर विश्वास टाकतोय.

समजा ओंकार आणि सई. संध्याकाळ, बाकडं, मागे पोरांचं अंडरआर्म क्रिकेट.

ओंकार: एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, मी थांबलो तर परत नाही जमणार.

सई: बोल.

ओंकार: मी रात्री नऊला गोळी घेतो ना.

सई: थायरॉईडची.

ओंकार: थायरॉईडची नाहीये.

(एक आजोबा काठी टेकत समोरून जातात. ते लांब जाईपर्यंत दोघं गप्प.)

ओंकार: एचआयव्ही आहे मला. जन्मापासून. आईकडून आलं, तिला पण माहीत नव्हतं तेव्हा.

(चेंडू बाकड्याखाली येतो. सई वाकून उचलते, पोराकडे टाकते.)

सई: काल आपण एकाच बाटलीतून पाणी...

ओंकार: त्याने नाही होत.

सई: माहितीये. शाळेत शिकवलंय. तरी तोंडातून आलं.

ओंकार: येतं.

सई: कोणाकोणाला माहितीये?

ओंकार: आई. मामा. सेंटरवरचे. आता तू.

सई: आत्ता का सांगितलंस?

ओंकार: कारण आपण अलिबागला जायचं ठरवतोय.

सई: (बराच वेळाने) मला आत्ता काही बोलता नाही येणार.

ओंकार: चालेल.

सई: दादरपर्यंत चालत जाऊ. पण बोलायला नको.

बस. इथे संपवा. बघा, व्हायरल लोड, अभ्यास, काही आलं नाही, ते पुढच्या एपिसोडला येईल जेव्हा ती रात्रभर वाचून दहा प्रश्न घेऊन येते आणि तो मोबाईलवर गेल्या रिपोर्टचा फोटो दाखवतो, टार्गेट नॉट डिटेक्टेड, आणि म्हणतो तुला माझ्यावर विश्वास नको ठेवूस, आपण काउन्सेलरकडे जाऊ, तिला विचार. जोडप्याने एकत्र काउन्सेलरकडे जाता येतं हे दाखवा, कितीतरी लोकांना हे माहीतच नाही. आणि सईचं ते बाटलीचं वाक्य काढू नका. डायरेक्टर म्हणेल ती वाईट दिसते. नाही दिसत. डोक्याला माहीत असतं पण भीती आधी तोंडातून बाहेर पडते, आणि त्याला ते ऐकायची सवय आहे हे "येतं" या एका शब्दात कळतं. माझ्याकडून कोणी काही घेणार असेल तर तो एक शब्द घ्या.

तिने सोडून दिलं तर? सोडू द्या. ती व्हिलन नाही. पोरगी घाबरली, किंवा तिला हे सगळं पेलवत नाही, किंवा मुळात त्यांचं जमतच नव्हतं, चालतं. फक्त जाताना तिने ते गुपित नेऊ नये. माझ्या मते सईचं खरं चारित्र्य ती राहते की जाते यात नाही, ती कोणाला सांगते यात आहे. ब्रेकअप झाल्यावर बेस्ट फ्रेंड विचारते काय झालं गं, एवढा चांगला मुलगा, आणि सई म्हणते आमचं नाही जमलं, आणि वडापाव खाते. एवढा छोटा सीन, पण तो मी रडत लिहीन.

प्रोड्युसर म्हणणार कॉन्फ्लिक्ट कुठाय, लीक पाहिजे, कोणीतरी ग्रुपवर टाकलं पाहिजे. तेव्हा त्याला लीकऐवजी हे द्या. कॉलेजात एनएसएसचं रक्तदान शिबिर. सगळी गँग लाइनीत, ओंकार स्वतः व्हॉलंटियर, टी-शर्ट घालून बिस्किटं वाटतोय, आणि मित्र ओढतायत, अरे तू पण चल, घाबरतोस काय सुईला. ज्या मुलाला लहानपणापासून सुया टोचल्यात त्याला हे ऐकावं लागतं आणि हसावं लागतं. किंवा इंडस्ट्रियल व्हिजिटची ट्रिप, बसमध्ये रात्री नऊचा अलार्म वाजतो, पन्नास पोरं. किंवा जुलैचा पाऊस, कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी, गाड्या बंद, गोळी घरी. इथे मात्र खोटा भयपट करू नका, काही तासांचा उशीर म्हणजे जीव जात नाही, पोचल्यावर आठवताच घ्यायची, पण वरचेवर चुकणं वाईट. आई फोनवर पहिला प्रश्न "कुठायस" नाही विचारत, "गोळी आहे का जवळ" विचारते आणि शेजारी उभा मित्र तो ऐकतो. सांगायचं की नाही हा प्रश्न पुन्हा समोर. अशी वेळ वर्षातून दहा वेळा येते त्या मुलावर. मैत्रिणीला सांगून झालं म्हणजे सुटला असं नाही, मग रूममेट आहे, मग नोकरीच्या ठिकाणचं मेडिकल आहे, मग लग्नाला मुलीचे आईवडील आहेत.

लीक घ्यायचाच असेल तर लीक झाल्यावर कोण त्याच्या बाकावर येऊन बसतं ते दाखवा, लीकपेक्षा जास्त वेळ त्याला द्या.

भाषेचं थोडं. एड्सग्रस्त, एड्सचा रोगी, बळी, शिकार, हे शब्द नको. एचआयव्ही आणि एड्स एक नाही, गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना एड्स कधीच होत नाही. सेंटरवर लोक पॉझिटिव्ह म्हणतात, गोळी सुरू आहे म्हणतात, उपचाराच्या वहीला ग्रीन बुक म्हणतात, व्हायरल लोड म्हणतात. घरात बाया नावच घेत नाहीत, "ते" म्हणतात, त्याला ते आहे. हा "ते" संवादात फार काम करतो. आणि आजीच्या तोंडी वेगळं ताट-वाटी आली तर त्याच सीनमध्ये कोणीतरी तिच्या समोर त्या ताटात जेवावं, नंतरच्या एपिसोडपर्यंत थांबू नका, कारण अर्धे प्रेक्षक नंतरचा एपिसोड बघत नाहीत.

रिसर्चला जाताना. वडाळ्याला ॲकवर्थच्या आवारात मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचं ऑफिस आहे, स्क्रिप्ट घेऊन रीतसर परवानगीने बोला. जेजे, केईएम, सायन, नायर इथे एआरटी सेंटर आहेत पण तिथे थेट वही घेऊन बाकड्यावर बसू नका, ती माणसं औषधाला आलीत, तुमच्या संशोधनाला नाही. काउन्सेलरला वेळ मागा, त्या दिवसभर थकलेल्या असतात तरी नीट बोलतात. पॉझिटिव्ह लोकांच्या स्वतःच्या संघटना आहेत, गे पात्र असेल तर हमसफर ट्रस्ट आहे, त्यांना स्क्रिप्ट वाचायला द्या आणि त्या वाचनाचे पैसे द्या. कोणाशी बोललात तर "तुला झालं कसं" हा प्रश्न विचारायचा नाही, त्याने सांगितलं तर ऐकायचं. आणि कोणाची खरी गोष्ट घेतलीत तर नाव बदलून भागत नाही, एरिया बदला, कॉलेज बदला, भावंडांची संख्या बदला, मुंबई मोठी वाटते पण चाळ छोटी असते. त्या मुलाची गोष्ट मी इथे लिहिली तेव्हा त्याला विचारून लिहिली आणि त्यातल्या दोन गोष्टी बदलल्यात.

शेवटचं काम एडिटिंगचं आहे पण लेखकाने स्क्रिप्टमध्येच लिहून द्यावं, नाहीतर कोणी करत नाही. एपिसोड संपल्यावर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर काळ्या पडद्यावर येतो ना, तो दोन सेकंदांत जातो आणि त्यावर पुढच्या भागाचं म्युझिक असतं. तो आठ-दहा सेकंद राहू द्या, मोठ्या अक्षरात, आणि आवाज बंद. ज्याला तो नंबर हवाय तो घरच्यांच्या मध्ये बसलेला असतो, त्याला तो मान न वळवता वाचून पाठ करायचा असतो.